मुवाच्या गोठ्यातला मेंढा

एकदा एक म्हातारी हित्ती लोकांच्या मुलखात, म्हंजे आताच्या तुर्कस्तानात, दुखणी उतरवायची. हजारो वर्सामागची गोष्ट. तिकडं रोग हटवणारी, मंतर जाणणारी देवी म्हंजे कामरुसेपा. म्हातारी तिची भगतीण. हाताखाली एक शिष्या व्हती, संसार करून बसलेली जाणती बाई.

एक दिवस मुवा नावाच्या शेतकऱ्याची बायको अडली. दोन दिस कळा, पर सुटका न्हाई. मुवाचं डोकं आधीच तापट, त्यो दारात ज्याला त्याला शिव्या देत उभा.

म्हातारीनं उंबऱ्यातनं एकदा बाईकडं बघितलं आन माघारी अंगणात आली. बैलांच्या मानंवरचं जू उतरवलं. रांजणांची झाकणं काढली. शिष्येला केस मोकळे सोडाय लावले. दर खेपेला म्हणायची, "कामरुसेपानं अडलेली नदी सोडली, हे बी सोडलं." शिष्या मनात चरफडली. आत बाई मरतीया आन ही झाकणं काढत हिंडतीया.

शेवटी दोघी गोठ्यात आल्या. तिथं शेजाऱ्याचा मेंढा आवळून बांधलेला, चार दिस झाले. मुवाच्या सातूच्या रानात शिरला व्हता म्हणून.

"ह्यो तू सोड," म्हातारी मुवाला म्हणली.

मुवा भडकला. शेजारी पाया पडल्याबिगर सोडणार न्हाई म्हणला.

"बरं. मग मी बसते हितंच."

आन बसली की खाली. आतनं बायको कण्हली. मुवानं दात-ओठ खाल्ले, मग वाकून दाव्याला हात घातला. गाठ इतकी बसलेली, की दातानं सोडावी लागली. मेंढा बें बें करत गल्लीनं सुटला. आत बाईनं ते ऐकलं आन लांब श्वास सोडला. तवा कुठं म्हातारी उठून आत गेली.

भाकरी भाजून व्हायच्या आत पोरगी रडली, अशी की गल्ली दणाणली. मुवा तिला घेऊन अनवाणीच शेजाऱ्याच्या दारात गेला, पहिलं त्यालाच दाखवली.

वाटंनं शिष्येनं इचारलं, झाकणं कशापायी काढली?

म्हातारी म्हणली, "चार दिस ती त्या मेंढ्याचं वरडणं ऐकत व्हती. शेजाऱ्याची हाय लागंल म्हणून भ्याली, अंग आवळून बसली. पर आल्या आल्या मेंढा सोड म्हणले असते, तर मुवानं मलाच हाकललं असतं. म्हणून जू, झाकणं सोडत सोडत मेंढ्यापतूर आले. मोकळं करणारी देवीच, बाई. आपुन बांधलेलं तेवढं आपुन सोडायचं."

शिष्येनं केस पुन्हा बांधले न्हाईत. तशीच ताठ मानंनं घरापतूर चालली.

तुमच्या गोठ्यात कुणाचा मेंढा असंल, तर वाचत काय बसलाय? उठा, सोडून या.