पाचशे माणसांचा ग्रुप

परदेशात शिकून गावी परतलेल्या इरावतीला वाटलं होतं, ग्रामसभेत माणसं कडाकडा भांडतील. इथे तर सगळे फोन चाळत बसले होते. वरच्या आळीला आठवडाभर पाणी नव्हतं, तरी सरपंच भाऊसाहेब ऐटीत म्हणाले, "गावाचा ग्रुप बघा! पाचशे माणसं, एक तक्रार नाही!"

"पण त्यात फक्त तुम्हालाच लिहिता येतं," इरावती म्हणाली.

"म्हणून तर शांतता आहे, ताई!"

वरच्या आळीच्या गोदाक्का उठल्या. "भाऊसाहेब, मळणीत बैलाला मुसकी बांधली की तो दाण्याला तोंड लावत नाही. म्हणून काय त्याचं पोट भरलेलं असतं?"

सभेत हशा पिकला. सरपंचांनी ओशाळून ग्रुप सर्वांना खुला केला. तासाभरात पाण्याच्या नव्वद तक्रारी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावतीने ठरवलं, ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्या दारी आपणच जायचं.