पिशवीचं तेल

रक्तपेढीत काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्याच आल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. थंड कपाटातल्या एका पिशवीत एक तांबडी पेशी महिनाभर राहिली होती. शेजारच्या काही पेशी थकून फुटून गेल्या, पण हिची कातडी अजून मऊ होती.

"मावशी, मी कशी गं टिकले?" तिने पिशवीला विचारलं.

"माझ्या प्लास्टिकमध्ये मला मऊ ठेवणारं तेल घातलंय ना, ते तुझ्या कातडीत मुरतंय," पिशवी कौतुकाने म्हणाली. "नाहीतर केव्हाच फुटली असतीस, बाई!"

"पण मला विचारलं नाहीस."

"लेकराला जपताना कुणी विचारत बसतं का?"

दुसऱ्या दिवशी ती पिशवी एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या उशाशी टांगली गेली. बाळ ओंजळीएवढं होतं. ओठ पांढरेफटक पडले होते. नळीच्या तोंडाशी पेशी थबकली.

"मावशी, हे तेल माझ्याबरोबर त्याच्या अंगात जाणार. त्याला सोसेल?"

पेशीच्या पुढे कोणी असेल, हे पिशवीच्या मनातच आलं नव्हतं.

"ठाऊक नाही गं," ती म्हणाली. "पण तू गेली नाहीस, तर बाळ वाचायचं नाही."

पेशी गेली. बाळाच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

"जिंकलीस की गं!" पलीकडच्या खाटेशी टांगलेल्या भरलेल्या पिशवीने हाक दिली.

"बाळ वाचलं," रिकामी पिशवी म्हणाली. "पण तू तुझ्या पेशींना आजच सांग, तू त्यांना काय देतेस ते. आणि ते कुणापर्यंत जाणार आहे, तेही."