भिवराची मोजदाद

"नागझरी नदीवरची नाव बंद करावी!" विचारपीठाचा अहवाल भर दरबारात वाचून झाला आणि नावाड्याची मुलगी भिवरा जागच्या जागी उडालीच.

विचारपीठ म्हणजे राजा उदयभानच्या विद्यापीठातलं सगळ्यात लाडकं दालन. राज्याच्या भल्याचा विचार करायला तिथं एकवीस पंडित नेमले होते. रस्ता कुठून काढावा, विहीर कुठं खणावी, सगळं तेच ठरवत. त्यांचा अहवाल आजवर एकदाही खोटा ठरला नव्हता, कारण तो आजवर कुणी धड वाचलाच नव्हता.

या खेपेला प्रमुख पंडित विद्यानिधी यांनी लिहिलं होतं, 'आठ दिवस उन्हातान्हात मोजदाद केली. या काळात एकाही गावकऱ्याने नावेतून नदी ओलांडली नाही. सबब नावेची गरज नाही. ती मोडून तिच्या फळ्यांची कपाटे करावीत व त्यांत आमचे अहवाल ठेवावेत.'

नदीपलीकडे सात गावं होती. वैद्य अलीकडे, बाजार अलीकडे. नाव गेली तर डोंगराला वळसा घालून दोन दिवसांची पायपीट! तापानं फणफणलेलं पोर दोन दिवस खांद्यावर कोण वाहणार?

भिवरा पुढं झाली. "महाराज, माणसं चढणार कशी? हे एकवीस जण आठही दिवस नावेतच बसून होते! लोड, तक्के, पानाचे डबे! मधल्या धारेत नाव उभी करायला लावली, का, तर तिथून दोन्ही काठ दिसतात आणि वाराही बरा लागतो. माणसं काठावरून घसा फोडून हाका मारत होती!"

"त्याचीही नोंद आहे," विद्यानिधी शांतपणे म्हणाले. "पान चौदा. 'नदीकाठच्या लोकांत मोठ्याने ओरडण्याची जुनी परंपरा दिसते.'"

राजा हट्टी होता. एकदा विद्वान म्हटलं की विद्वान! "पोरी, पंडितांच्या अहवालापुढं नावाड्याच्या तोंडच्या गोष्टी चालत नाहीत. अहवाल चुकलाय ना? मग असली मोजदाद कुचकामी असते, हे उद्या संध्याकाळी विद्यानिधींच्याच तोंडून मला ऐकव. त्यांच्यापुढं नावेचा शब्दही काढायचा नाही. जमलं तर नाव राहील, नाही तर परवा सुतार येईल!"

दरबारात खसखस पिकली. विद्यानिधींनी जन्मात स्वतःची चूक कबूल केली नव्हती. घरी आमटी खारट झाली तरी ते मिठाला दोष देत.

भिवरानं मात्र चेहरा पडू दिला नाही. "ठीक आहे, महाराज. मलाही एक मोजदाद करू द्या. अगदी पंडितजींच्या रीतीनं. कुणी आडवं येऊ नये, एवढा हुकूम हवा."

राजानं हुकमावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच विचारपीठाच्या भोजनशाळेत भिवरा हजर! बरोबर पल्याडची वीस माणसं, म्हातारे, बायाबापड्या, एक पैलवान. भोजनशाळेत पाट होते एकवीस. विसांवर ती माणसं मांडी ठोकून बसली, एकविसाव्यावर ती स्वतः. आचाऱ्यानं विचारलं, "वाढू का?" भिवरा म्हणाली, "आम्हाला नको, मामा. आम्ही पाहणीला आलोय. पंडित आले की त्यांना वाढा."

पंडित आले, न्याहारीच्या आधीच आले! "उठा! आमचे पाट आहेत ते!"

"बसा की पंडितजी, आम्ही कुठं नाही म्हणतो?" भिवरानं हुकूम दाखवला. "आम्ही फक्त मोजतोय."

पाट सोडून जेवायचं म्हणजे धर्म बुडाला, आणि स्वयंपाक उंबऱ्याबाहेर न्यायची चाल नव्हती. पैलवानाला हलवायचं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. दुपार झाली. श्रीखंडाला पाणी सुटलं, पुऱ्या वातड झाल्या. एकवीस पंडित दारात उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

संध्याकाळी दरबार भरला. भिवराला लिहिता येत नव्हतं. तिनं तोंडानंच अहवाल सांगितला. "महाराज, सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मोजलं. एकही पंडित पाटावर बसला नाही. एकानंही घास खाल्ला नाही. सबब विचारपीठाला जेवणाची गरज नाही. भोजनशाळा बंद करावी! आणखी एक. पंडितांमध्येही मोठ्यानं ओरडण्याची जुनी परंपरा दिसते."

विद्यानिधी दिवसभराचे उपाशी. त्यांचा तोल सुटला. "महाराज, ही काय मोजदाद झाली? सगळ्या जागा हिच्या माणसांनी अडवल्या! माणूस बसणार कुठं, जेवणार कुठं? स्वतः जागा अडवून बसायचं आणि वर म्हणायचं, कुणी आलंच नाही! असली मोजदाद कुचकामी! ती करणारा महामूर्ख! असला अहवाल चुलीत घाला!"

भिवरानं मान लववली. "महाराज, ऐकलंत?"

राजा अजून हट्टाला पेटलेलाच. "ते तुझ्या मोजदादीला बोलले, त्यांच्या नव्हे!"

"रीत त्यांचीच आहे, महाराज. मी फक्त धारेतून उचलून पाटावर आणली. फरक एवढाच, की पंडितजी एकच दिवस उपाशी राहिले. माझी माणसं आठ दिवस काठावर होती."

राजानं विद्यानिधींकडं पाहिलं. विद्यानिधींनी छताकडं पाहिलं. आणि राजाला असं हसू फुटलं, की मुकुट सावरायला दोन सेवक धावले. "विद्यानिधी, तुमच्यासारखा न्याय तुमच्याविरुद्ध कुणी दिला नसता! नाव राहील. आणि पोरी, तुला दुसरी नवी नाव माझ्याकडून! शिवाय आजपासून विचारपीठाची प्रमुखही तूच!"

"नाव द्या, महाराज, दोन्ही हातांनी घेते," भिवरा पदर खोचत म्हणाली. "पण ते विचारपीठ ठेवा तुमच्याकडंच. मला बसायला वेळ नाही, पलीकडं माणसं खोळंबलीत!"