अंगठ्याएवढं काडतूस

एकदा एका म्हाताऱ्या शिकाऱ्याचा चेला जंगलातून हात हलवत परत आला. शिकारीला दरबारातून परवाना मिळायचा तेव्हाची ही गोष्ट, म्हणून लगेच नाकं मुरडू नका. चेल्याने सांबरावर गोळी झाडली होती. ती मागच्या पायाला लागली आणि जनावर लंगडत करवंदीच्या जाळीत शिरलं. चेल्याचं म्हणणं, रायफल हलकी, काडतूस बारीक, त्यात माझा काय दोष? तो तडक व्यापाऱ्याकडे गेला आणि अंगठ्याएवढ्या काडतुसांची दांडगी रायफल मागून घेऊन आला. व्यापारीही मिरवत मागोमाग आला. म्हणे, ही हत्तीलासुद्धा पुरेल. आमच्या रानात हत्ती कुठला, पण सांगायला काय जातं!

म्हाताऱ्याने रायफलीचं तोंडभर कौतुक केलं. जखमी जनावरामागे निघण्याआधी तिची परीक्षा होऊ दे म्हणाला. त्याने बांधावर एक भोपळा ठेवला, गाव जमू दिला आणि काडतूस आपल्या हाताने भरलं.

चेल्याने नेम धरून चाप ओढला. नुसतं ‘टक्’ झालं.

बार उडालाच नाही. पण चेल्याचे घट्ट मिटलेले डोळे, वळलेली मान आणि जमिनीकडे बुडी मारलेली नळी साऱ्या गावाने पाहिली. गाव खदाखदा हसला. व्यापारी तर धोतर सावरत हसला. म्हाताऱ्याने रायफल उघडून काडतूस बाहेर काढलं. ते आधीच उडवलेलं, रिकामं होतं.

मग तो लोकांना म्हणाला, “आता भरलेलं घालीन नाहीतर रिकामं, सांगणार नाही. हसणाऱ्यांनी एकेकाने नेम धरायला पुढे यावं.”

कुणी हललं नाही. व्यापाऱ्याला दुकान आठवलं.

म्हातारा चेल्याकडे वळला. “लेका, रोज हे बाराच्या आवाजात झाकलं जात होतं. आज मी आवाज तेवढा काढून घेतला. हलक्या रायफलीला दचकणारा दांडगीला दुप्पट दचकणार. हत्यार निवडताना तू सांबराचं अंग पाहिलंस, स्वतःचं भय पाहिलं नाहीस. ते भय आता तिकडे जाळीत कण्हतंय.”

चेल्याची मान वर होईना. खाली बघतच त्याने हलकी रायफल मागितली. “बाबा, पण हात कापतोय.”

“मग आणखी जवळ जा.”

तो जाळीत पोटावर सरपटत गेला. इतका जवळ, की जखमेवरच्या माशा दिसल्या. सांबराने त्याच्याकडे पाहिलं, उठू पाहिलं, त्याला उठवेना. चेल्याने डोळे उघडे ठेवून खांद्यामागे एकच गोळी घातली. जनावराने जागीच मान टाकली.

संध्याकाळी लोक पुन्हा गोळा झाले. व्यापाऱ्याने विचारलं, कुठल्या गोळीने पडलं? चेल्याने खांद्यामागची जखम दाखवली नाही. सांबराच्या सुजलेल्या पायावर हात ठेवून तो म्हणाला, “आधी ही बघा. हीपण माझीच.”

कुणाला चिडवल्याशिवाय ज्याला घास उतरत नसे, तो म्हातारा त्या रात्री कुणाला न चिडवता जेवला.