यमुनाक्काने मागितलेली मुदत

करंजगावात यमुनाक्का नावाची एक सुगरण होती. नवरा गेल्यापासून दोन लेकरं तिच्याच हातच्या चवीवर वाढत होती. टेकडीवरच्या देवीच्या स्वयंपाकघरात जागा निघाली, तेव्हा तिने नैवेद्य रांधून दाखवला आणि देवस्थानच्या पंचांना शब्द दिला, "तुमचा निरोप येईपर्यंत मी दुसरीकडे जात नाही."

तेवढ्यात इनामदारांचं बोलावणं आलं. तिच्या पुरणपोळीची ख्याती त्यांच्या कानावर गेली होती.

"आजच आमच्याकडे कामाला लाग," इनामदार म्हणाले.

"सरकार, उद्यापर्यंत मुदत द्या. देवीच्या पंचांना थांबायचा शब्द दिलाय, त्यांचा निरोप यायचाय."

इनामदारांच्या मिशा थरथरल्या. "आम्ही काय तुझी वाट बघत बसायचं? आत्ता हो म्हण, नाहीतर पुन्हा हा उंबरा चढू नकोस!"

यमुनाक्काला लेकरं आठवली. दोन्हीकडचं गेलं तर चूल कशी पेटायची? तिने मनातल्या मनात देवीला हात जोडले.

"एवढंच सांगा, सरकार. उद्या तुमच्या कुळाचाराचा स्वयंपाक अर्ध्यावर असताना कुणी सरदार पालखी पाठवून म्हणाला, 'आत्ताच्या आत्ता चल', तर मी काय करू?"

"खबरदार! आम्हाला विचारल्याशिवाय पाऊल उचललंस तर!"

"मग आज देवीच्या माणसांना न विचारता आले, तर उद्या तुम्हाला तरी कशाला विचारीन?"

इनामदार खो खो हसले. "जा बाई, बघ वाट. तिकडून नकार आला, तर ही जागा तुझीच."

यमुनाक्का हलक्या पावलांनी घराकडे निघाली. आता निरोप कसाही येवो, लेकरांच्या पानात भात पडणार होता.