ठकूआईनं थोपवलेला वणवा

फार वर्षांपूर्वी, डोंगरावर अजून रस्ता चढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. वाघदऱ्याच्या माथ्यावर धनगरांची दहा-बारा घरं होती, आणि त्या घरांतलं जवळजवळ प्रत्येक माणूस ठकूआईच्या हातांवर जगात आलं होतं. ठकूआई सुईण. तिचे हात अडलेल्या बाईच्या पोटावर पडले की निम्मी कळ तिथंच उतरायची, असं म्हणतात.

एका चैत्रात बिरूच्या बायकोला, जनाईला, सकाळपासून कळा लागल्या. पहिलटकरीण, त्यात मूल पायाळू. भर दुपारी बाळाचे पाय दिसले आणि त्याच वेळी खालच्या रानातून धूर उठला. वणवा! गवत वाळलेलं, वारा चढता. बघता बघता जाळ निम्मा डोंगर चढून आला. माणसांनी म्हशी सोडल्या, पोरं काखोटीला मारली आणि पलीकडच्या उघड्या कातळाकडं धाव घेतली. चौघं जण घोंगडीची झोळी करून दारात आले.

"आई, चल! हिला उचलून नेतो."

आता जनाईला हलवलं तर बाळ हातचं जाईल, हे ठकूआईला ठाऊक होतं. ती म्हणाली, "तुम्ही व्हा म्होरं. आम्ही तिघी मागनं येतो."

बिरू मात्र गेला नाही. ओल्या घोंगडीनं तो अंगणापुढचं गवत झोडपत राहिला.

आत धूर भरला. जनाई रडत म्हणाली, "आई, तू तरी जा गं."

"गप. आजवर कुणाला अर्ध्यावर टाकलं न्हाई म्या. माझ्याकडं बघ."

दोन कळांच्या मधल्या उसंतीत ठकूआई दारात आली. जाळ अंगणाला भिडला होता. तिनं हात जोडले नाहीत, की आरडाओरडा केला नाही. दारात ताटकळलेल्या पाहुण्याला सांगावं तशी म्हणाली, "दम धर बाबा. माणूस यायचंय."

आणि वणवा थांबला, असं म्हणतात. दावणीच्या रेड्यासारखा फुरफुरत जागच्या जागी उभा राहिला. आत बाळाचं डोकं सुटलं. पोरीनं टाहो फोडला, आणि वारा फिरला. जाळ आल्या वाटेनं उतरला नि विझून गेला.

काही जण म्हणतात, वाराच तो, कधीतरी फिरायचाच. शिवाय बिरूनं गवत झोडपलं होतं. मग म्हाताऱ्या विचारतात, "व्हय, पर वारा पोरीच्या रडण्याची वाट का बघत व्हता?"

दिवस कलताना कातळावरच्या माणसांना बिरू येताना दिसला. पाठीवर जनाई. मागं ठकूआई, पदरात पोर. जवळ येऊन ती एवढंच बोलली, "पायाळू हाय. लई चालंल ही!"

ठकूआईला जाऊन कैक पिढ्या झाल्या. आता माथ्यापर्यंत गाडी जाते, बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी वाघदऱ्यातली बाई कळा घेऊ लागली की घरोघरच्या चुली विझवतात, गॅससुद्धा बंद करतात. बाळ रडल्याची खबर आली की पहिली चूल बाळंतिणीच्या घरी पेटते, आणि तिथला विस्तव नेऊन मग बाकीच्या घरांतल्या चुली पेटवतात. तोवर वाघदऱ्यात कुणी चहासुद्धा मागत नाही.