माठाला गुंडाळलेली केबल

एकदा घाटावरच्या एका थंड कसब्यात एका वृद्ध मिस्त्रीने एक शिष्या पत्करली. जन्मभर सायकली दुरुस्त केलेला हा माणूस. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या आल्या, तेव्हा उतारवयात त्याने तीही विद्या आत्मसात केली होती. शिष्या म्हणजे रोहिणी नावाची एक तरुण आई. लेकीला अंगणवाडीत सोडायचे, दुकानात यायचे आणि अंगणवाडी सुटायच्या आत हातातले काम आवरून पळायचे, असा तिचा दिनक्रम. बाईमाणसाने पाना हाती धरला म्हणून शेजारचा चहावाला आल्यागेल्याला सांगे, "इथं आता गाड्यांची वेणीफणीसुद्धा करून मिळते." मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखे करी. रोहिणीला मात्र ते दरवेळी टोचे. आपल्या हातून काही चुकू नये, ही एकच चिंता ती दिवसभर वाहत असे.

दिवाळीआधीच्या उकाड्यात आप्पा आपली तीनचाकी घेऊन आले. आप्पांचे पाय लहानपणापासून अधू. पहाटे घरोघर दूध पोचवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि ती गाडी हेच त्यांचे पाय. ब्रेकची लिव्हर जरा जड चालते, एवढीच तक्रार होती. मिस्त्री बाजारात गेला होता. रोहिणीने केबलचे टोक मोकळे केले, तेलाची बुधली उचलली, तर ती रिकामी. इकडे अंगणवाडी सुटायची वेळ झालेली. तिच्या पिशवीत लेकीच्या अंगाला लावायची खोबरेलाची बाटली होती. तेल ते तेल, असे मनाशी म्हणत तिने केबलमध्ये चांगली धार सोडली. लिव्हर लोण्यासारखी चालू लागली. आप्पांनी ती दाबून पाहिली, सोडून पाहिली आणि म्हणाले, "पोरीच्या हाताला गुण आहे." हे वाक्य रोहिणीने कितीतरी दिवस उराशी बाळगले.

पुढे थंडी पडली. मिस्त्री एका लग्नकार्यासाठी परगावी गेला आणि दुकान रोहिणीवर आले. त्याच दिवसांत आप्पांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटे ब्रेक दाबला की लिव्हर परतच येत नाही, असे ते सांगत. त्या गाडीची रचना अशी की ब्रेक दाबलेला असेतो मोटर फिरत नाही. त्यामुळे गाडी भर चौकात उभी राही, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत, आणि आप्पा दोन्ही हातांनी लिव्हर ओढत बसत. दुपारी दुकानात आणावी, तर तीच लिव्हर शहाण्या मुलासारखी वागे. रोहिणी दाबून बघे, सोडून बघे. दोष दिसेना.

एका सकाळी ती लेकीची वेणी घालायला बसली. खोबरेलाची बाटली तळहातावर उलटी केली, तर थेंब पडेना. आत सगळे पांढरेशुभ्र, गोठलेले. नेहमीप्रमाणे ती बाटली चुलीच्या धगीला धरायला गेली, आणि तिचा हात तिथेच थांबला. तिला आप्पांची लिव्हर आठवली. लेक विचारत राहिली, "आई, तेल लाव ना." रोहिणीला काही ऐकू येत नव्हते.

त्या दुपारी सगळे सांगून टाकायचे, असे ठरवूनच ती दुकानात गेली. पण आप्पांसोबत त्यांचा मुलगा आला होता, आणि चहावाला हातात किटली घेऊन गंमत पाहत उभा होता. मुलाने लिव्हर दाबली, सोडली, पुन्हा दाबली, आणि वडिलांना म्हणाला, "आप्पा, गाडीला काही झालेलं नाही. तुमची बोटंच गेली आता." आप्पांनी रोहिणीकडे पाहिले. तिने मान खाली घातली.

"दुपारी तर बरी चालते," ती म्हणाली.

शब्दाशब्दाने खरे असलेले हे वाक्य तिने आयुष्यात उच्चारलेले सगळ्यात खोटे वाक्य होते. ते तिच्या मागे घरी आले, ताटात आले, लेकीला थोपटताना हातात आले. उद्या सांगू, असे ती रोज म्हणे. रोज दुकानात कुणीतरी असे.

मिस्त्री परतला त्याच दिवशी आप्पांचा मुलगा गाडी घेऊन आला. आप्पा तिच्यातच बसले होते. मुलगा म्हणाला की गाडी इथेच ठेवून घ्या, गिऱ्हाईक मिळाले तर देऊन टाका. दूध उद्यापासून मी पोचवीन, आप्पांनी आता घरी बसावे. चौकात एखादे दिवशी ट्रकखाली जातील. मांडीवर उजवा हात ठेवून आप्पा बोटे उघडत होते, मिटत होते.

मिस्त्रीने आप्पांना हात देऊन बाकावर बसवले. मग त्याने केबल सोडवली. तिचे टोक बोटाने चोळले, ते बोट क्षणभर नाकाशी नेले आणि खाली केले. त्याने कुणाकडेही पाहिले नाही. केबलचे वेटोळे घेऊन तो सरळ पिण्याच्या पाण्याच्या माठाकडे गेला, केबल माठाच्या पोटाभोवती गुंडाळली, वरून ओले गोणपाट घट्ट लपेटले आणि परत येऊन बसला.

चहावाला म्हणाला, "मिस्त्री, माठाला करगोटा बांधलात की काय?"

"तहान लागली तर आज तुझ्याकडचं पाणी पिऊ," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "बसा सगळे. घाई नाही."

सगळे बसले. मुलगा पाय हलवत होता. माठ झिरपत होता. रोहिणी भिंतीला टेकून उभी होती. मिस्त्रीबाबांना वास आला आहे, हे तिने पाहिले होते. आता ते बोलतील, आता बोलतील, म्हणून ती वाट पाहत राहिली. ते बोलले नाहीत.

बोलले ते आप्पा, तेही दुसऱ्याच कशाबद्दल. मिस्त्रीला ते हळू आवाजात सांगू लागले की हल्ली दुधाच्या पिशवीची गाठसुद्धा ते मुलाकडून सोडवून घेतात. "सुटेल कदाचित माझ्याच्यानं," ते म्हणाले, "पण करून बघायची भीती वाटते."

रोहिणीला ते सहन झाले नाही. "आप्पा, तुमची बोटं चांगली आहेत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "केबलमध्ये मी खोबरेल घातलं होतं. थंडीत ते गोठतं. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले."

चहावाल्याने किटली खाली ठेवली.

मिस्त्री उठला. गोणपाट काढून त्याने केबल जागेवर बसवली आणि आप्पांच्या मुलाला म्हणाला, "दाब." मुलाने लिव्हर दाबली आणि सोडली. लिव्हर आतच राहिली. तरण्याताठ्या बोटांनी त्याने ती ओढली, पुन्हा ओढली, आणि मग वडिलांकडे न बघता हात विजारीला पुसले.

आप्पा बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत होते. ते रागावले असते तर रोहिणीला हलके वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "तुझी अंगणवाडी सुटली असेल. लेकीला घेऊन ये आधी. मी बसतो इथं." जाताना तिचे डोळे इतके भरून आले की पायरीसुद्धा नीट दिसेना.

लेकीला घेऊन ती परत आली. केबलच्या आतली तार तिने ओढून काढली, पेट्रोलने धुतली, पुसली. तार पुन्हा आत सरकवून केबल खिळ्याला उभी टांगली आणि वरून मशीनचे तेल थेंब थेंब सोडू लागली. मिस्त्री शेजारी बसला होता. बाकीचे बाहेर उन्हात होते.

"बाबा, तुम्हाला तर वास आला होता," ती खाली बघूनच म्हणाली. "मग सरळ सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं, तर केबल मोकळी झाली असती आणि तू अडकून पडली असतीस," वृद्ध म्हणाला. "म्हणून केबल थंड होईतो तुला वेळ दिला. खोबरेल वाईट नसतं पोरी. तू ते घातलंस तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. ते नुसतं अज्ञान होतं, पातळ होतं, पुसता आलं असतं. ज्या सकाळी तुला कळलं आणि तू गप्प राहिलीस, त्या सकाळी ते गोठलं. आणि चूक अशी आत गोठली की करणाऱ्याचं काही अडत नाही. जो बिचारा ब्रेक दाबतो, त्याला वाटतं आपलीच बोटं मेली."

केबलच्या खालच्या टोकातून आधी गढूळ, मळकट थेंब पडले. रोहिणी तेल सोडत राहिली. मग एक स्वच्छ थेंब आला, टोकाशी थांबला आणि खाली पडला. लेकीने तो झेलायला तळहात पुढे केला होता. तो तिने हळूच मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या पहाटे आप्पांची गाडी रोहिणीच्या दाराशी थांबली. लिव्हर आत गेली आणि खट्कन बाहेर आली. आप्पांनी दुधाची पिशवी काढली, तिची गाठ स्वतःच्या बोटांनी सोडली आणि पातेल्यात दूध ओतले. रोहिणीला मान वर करायला वेळ लागला. पण तिने केली.

आपल्या गप्प राहण्याने कुणाची बोटे अडकली आहेत काय, हे ज्याचे त्याने थंडी पडायच्या आत पाहून घ्यावे.